आधी तुम्ही

समोर चहाचा ट्रे आला की तो दोन बोटांनी हळूच आपल्यापासून लांब सरकवायचा, मान किंचित झुकवायची आणि म्हणायचं, "आधी तुम्ही."

समोरच्या घरातले काका पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी फसले. वाटलं, काय हा अदबशीर माणूस! मी लाजून माझा कप उचलला, घोट घेतला. काका आपले माझ्या तोंडाकडे टक लावून बघतायत. मी दुसरा घोट घेतला. मग त्यांनी स्वतःशीच मान हलवली, "ठीक दिसतंय" म्हणाले आणि स्वतःचा कप उचलला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. ही अदब नव्हती हो. माझ्याच घरात, माझ्याच चहाची परीक्षा माझ्यावर चालली होती!

बदलापूरच्या कात्रप भागात आमची बिल्डिंग नवीनच उभी राहिली होती तेव्हाची गोष्ट. नव्वद साल उलटून गेलं होतं. मी शाळेत शिकवायचे आणि हे काका-काकू माझ्या समोरच्या दारात राहायचे. काका अंबरनाथच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होते. म्हणजे नोकरी काय, तर आलेला माल नापास करायचा. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक घड्याळ आणि शाल घेऊन घरी येतात. काका आपलं खातं घेऊन आले. दारावर नावाची पाटी होती, पण ती वाचायची कोणाला गरजच पडली नाही. बिल्डिंगमधली पोरं त्यांना 'चेकिंगकाका' म्हणायची आणि पुढे पुढे मोठी माणसंही तेच म्हणायला लागली.

दूध आलं की त्यात नळी बुडवायची. हळद आली की बोटांत चोळून उन्हात धरायची. अंडं पाण्यात सोडायचं, ते बुडेपर्यंत दुकानदाराला थांबवून ठेवायचं. भाजीवाली जवळच्या गावातली आगरी बाई होती, तिच्या पाटीतलं एकेक वांगं हे देठापासून खालपर्यंत फिरवून बघत बसायचे. एकदा ती वैतागून म्हणाली, "दादा, वांगी घ्याला आलास का पोर पसंत कराला?" बायका खो खो हसल्या. काकांनी शांतपणे ते वांगं परत ठेवलं आणि दुसरं उचललं.

पाणी कायम वरून प्यायचे. पेल्याला ओठ लावणं मंजूर नाही, मग तो स्वतःच्या घरचा आणि स्वतः घासलेला का असेना. आणि उष्ट्याचं तर नाव काढू नका. लग्नात एकमेकांना घास भरवतात ना, तेव्हाही ह्यांनी काकूंना आधी खायला लावलं आणि स्वतःच्या वाट्याचा घास गुपचूप पानाखाली सरकवला, असं काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सांगायच्या. काकांचं तोंड कधी दुधाने पोळलं होतं देव जाणे, पण ताक मात्र ते जन्मभर फुंकून प्यायले.

आणि अशा माणसाला बाजार कुठला मिळावा? तर नकली मालासाठी गाजलेलं उल्हासनगर! तुम्ही आमच्या बाजूचे असाल तर निराळं सांगायला नको. एखादी वस्तू फार स्वस्तात मिळाली की आमच्याकडे लगेच विचारतात, "कॅम्पातली का?" पण गंमत अशी की काका खरेदीला हटकून उल्हासनगरच्या कॅम्प तीनलाच जायचे. मला वाटतं, शंका घ्यायला तिथे वाव जास्त होता.

मिक्सर घ्यायचा होता तेव्हा काकूंनी मलाही सोबत नेलं. दुकानदार सिंधी, पोट सुटलेला, हसरा. "साईं, एकदम ओरिजिनल है."

"ओरिजिनल म्हणजे कुठल्या कॅम्पातलं?" काकांनी विचारलं.

तो हसला. काका हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून केळी काढली, वाटीभर साखर काढली, समोरच्या डेअरीतून दूध आणवलं आणि तिथल्या तिथे भांडं लावायला सांगितलं. मिक्सर फिरला. फेसाळ केळ्याचं दूध तयार झालं. दुकानदाराने कौतुकाने ग्लास भरून पुढे केला. काकांनी तो परत सरकवला. "पहले आप."

"अरे वाह साईं!" तो खूश होऊन म्हणाला, "लखनऊ के हो क्या?" आणि गटागट पिऊन टाकलं. काका त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले. काकू साडीचा पदर तोंडात कोंबून दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. तो मिक्सर पुढे इतका टिकला की काकांचा त्याच्यावरचा संशय आणखीच वाढला.

काकू म्हणजे ह्यांच्या अगदी उलट. कोणी काही दिलं की आधी तोंडात, मग चौकशी. शेजारच्या ताटातला पापड उचलून खायच्या. आंबट तर जीव की प्राण. चिंच, आवळा, कैरी, काही चालायचं. मीठ लावून बोरं खाताना त्यांचा एक डोळा मिटायचा आणि त्या शाळेतल्या पोरीसारख्या दिसायच्या. त्यांच्या हाताला चव होती आणि बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरात त्यांची वाटी फिरायची. संक्रांतीचं हळदीकुंकू तर त्यांचंच. जिन्यात चपलांचा ढीग लागायचा. मूलबाळ नव्हतं, पण ते माझ्या कधी फारसं लक्षातच आलं नाही, इतकं ते घर भरलेलं असायचं.

एका वर्षी काकूंना कावीळ झाली. उतरली, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेली. काही म्हणजे काही जाईना. वरणभाताचे दोन घास खाल्ले की ताट बाजूला. चिंचेचा गोळा जिभेवर ठेवला तरी म्हणायच्या, "माती लागते गं." बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. हातांची कातडी कोरडी पडून बोटांवर पांढुरके चट्टे आले, भेगा पडल्या. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, खायला घाला. काका रोज संध्याकाळी काहीतरी नवीन आणायचे, स्वतः हुंगायचे, पारखायचे आणि पुढे ठेवायचे. काकू मान फिरवायच्या. मग ते मला जिन्यात गाठून विचारायचे, "बाई, तुमच्याकडे खाल्लं का तिने काही?" त्या वेळी त्यांचा चेहरा बघवत नसे.

दिवाळीला काकांचा पुतण्या सुट्टीवर आला. फौजेत होता, लेहच्या बाजूला. त्याने एका घट्ट झाकणाच्या कॅनमधून कसल्याशा फळांचा साखरेत शिजवलेला गर आणला होता. रंग असा भगवा की डोळ्यांत घुसावा. सोबत बियांच्या तेलाची एक लहानशी बाटली.

"काकू, हे छरमा," तो म्हणाला. "तिकडे नदीकाठी काटेरी झुडपं असतात, त्यांना लागतं. बर्फातसुद्धा टिकतं. आमच्या युनिटमधला लाहौलचा पोरगा म्हणतो, ह्याने सगळं बरं होतं. भूक लागते, रक्त वाढतं, सर्दी जाते, जखम भरते. तेल हाताला लावा."

आता, एका औषधाने सगळं बरं होतं म्हटलं की मी स्वतः पाय काढता घेते. त्या वर्षांत लोकांनी काय काय प्यायलं होतं म्हणून सांगू! कोणी गव्हाच्या पात्यांचा रस, कोणी दुधीचा, कोणी बरणीत पाळलेल्या बुरशीचं पाणी. आणि काही जण पहाटे उठून जे पीत होते त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. तेव्हा ह्या बाबतीत मी आणि काका एका बाजूला होतो.

काकांनी कॅन चहूबाजूंनी फिरवून पाहिला. "लेबल नाही."

"काका, घरी केलेलं आहे. लेबल कसं असेल?"

"लेबल असतं तर निदान खोटं आहे असं तरी म्हणता आलं असतं," काका म्हणाले.

झाकण उघडलं. वर तेलाचा नारिंगी तवंग. "बघा! तेल तरंगतंय. भेसळ!" वास घेतला. आंबूस, थोडा तेलकट, ओल्या गोणपाटासारखा. काकांनी नाक मागे घेतलं. तोवर काकूंनी चमचा घातला आणि तोंडात टाकलाही. काका ओरडले, "अगं, थांब!" पण उशीर झाला होता.

काकूंचा एक डोळा मिटला.

किती महिन्यांनी मिटला असेल तो! त्यांनी लगेच चमचा पुन्हा कॅनमध्ये घातला. काका माझ्याकडे बघायला लागले आणि मी पुतण्याकडे. "आंबट आहे गं," काकू चमचा चाटत म्हणाल्या. "आंबट लागतंय मला."

तसा नुसता तो गर घशाखाली उतरायला कठीणच होता. मी चाखला तेव्हा संत्र्याची साल, कच्चं करवंद आणि कोकम एकदम कानशिलात बसल्यासारखं झालं. म्हणून काकूंनी तो दुधात घालून मिक्सर लावला. दूध फाटलं. काका लगेच म्हणाले, "दूध फाडलं त्याने! तुझी आतडीही फाडेल!" दुसऱ्या दिवशी दुधाऐवजी दही घातलं, पिकलेलं केळं, गुळाचा खडा, चिमूटभर मीठ. ते जमलं. हल्ली मॉलमध्ये काचेच्या उंच ग्लासात सी बकथॉर्न स्मूदी म्हणून मिळतं ना, तेच. काकू त्याला 'आपलं ते भगवं' म्हणायच्या. केळ्याने आंबटाला आवरलं, दह्याने तेलकटपणा झाकला, आणि मग मागून हळूच एक कडवट चव यायची ती मला शेवटपर्यंत आवडली नाही. काकू मात्र रोज सकाळी एक पेला प्यायच्या आणि प्यायल्यावर चक्क पोळी मागायच्या.

सुखाने राहायचं ना मग? नाही. काकांना झोप येईना. बायको एक अनोळखी वस्तू रोज पितेय आणि त्या वस्तूचे कागदपत्र नाहीत! ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "आंबट फळ आहे, सी व्हिटॅमिन असेल भरपूर. आवळ्यातही असतं. खातायत ना काकू? मग पिऊ द्या. बाकी चमत्कार वगैरे मला विचारू नका." दुसऱ्या कोणाचं समाधान झालं असतं. काका त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेले. दुकानात गर्दी होती आणि काकांना थोडं कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते बोलायचेही मोठ्याने.

"हे छरमा म्हणजे नक्की काय असतं हो?"

केमिस्ट गोळ्या मोजत होता. मान वर न करता म्हणाला, "चर्म? चर्म म्हणजे स्किन. लावायचं औषध असेल."

"पितातही."

"मग आतून-बाहेरून दोन्ही असेल. चर्मरोग जुनाट असला की देतात तसं. कोणाला झालंय?"

"आमच्या हिला," काका म्हणाले.

मागे दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी ग्राइप वॉटर घ्यायला उभ्या होत्या.

पेशवाईत ध चा मा झाला होता. इथे तर छ चा नुसता च झाला, पण तेवढं पुरलं. पहिल्या मजल्यावर येईपर्यंत काकूंना चर्मरोग झाला होता. शेजारच्या विंगमध्ये जाईपर्यंत तो महारोग झाला. काकूंच्या बोटांवरचे चट्टे तर सगळ्यांनी पाहिलेच होते! मला हे कळलं भाजीवालीकडून. "बाय, त्या म्हाताऱ्याचे बायकोला काय झायलंय म्हनतात?" ती कानाशी लागून म्हणाली. "मी तिचे हातची पिशवी घेते रोज. मना काय व्हनार नाय ना?"

मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. काकूंनी दिलेल्या वाट्या दोन दोन दिवस ओट्यावर तशाच पडून असायच्या आणि रिकाम्या परत जायच्या, आतलं कुठे जायचं ते कचऱ्याच्या डब्याला ठाऊक. मुलांना काकूंच्या दारातून आया हाका मारून घरी नेत होत्या. काकूंना अजून कशाचा पत्ता नव्हता. त्या आपल्या भगवं पीत होत्या आणि येणाऱ्या संक्रांतीचे बेत करत होत्या.

मी तडक काकांकडे गेले. ते गॅलरीत बसले होते. मी सगळं सांगितलं. चर्म, चर्मरोग, महारोग, वाट्या, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

"सुरुवात कोणी केली?"

"केमिस्टकडे ऐकलं म्हणतात."

ते चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. "बाई," ते म्हणाले, "हिला सांगू नका. आत्ताच कुठे जेवायला लागलीय." मग चष्मा चढवून म्हणाले, "नापास केलेल्या मालाचं एक असतं. त्याच्यावर शिक्का बसला की मग तो कितीही चांगला निघाला तरी कोणी परत उघडून बघत नाही. मी तीस-पस्तीस वर्षं तो शिक्का मारला." मला त्यांचा राग आला होता, पण तो तिथेच विरघळला.

"यंदा हळदीकुंकू नको करूस, दगदग होईल," असं त्यांनी काकूंना हरतऱ्हेने सांगून पाहिलं. काकू ऐकतायत होय! "एवढ्या दुखण्यातून उठले, आणि सवाष्णींना बोलवायचं नाही?" त्यांनी उलट आणखी दोन घरं वाढवली. आणि चहा-कॉफी नको, यंदा सगळ्यांना भगवं द्यायचं असं ठरवलं. मी म्हटलं, "काकू, लोकांना आवडेल का?" त्या म्हणाल्या, "मला ज्याने उठवलं ते चार जणींना द्यायला नको का?" 

मी शाळेतून पोचले तेव्हा बायका येऊन बसल्या होत्या. आल्या होत्या हे खरं. न येणं वाईट दिसलं असतं. काकू पैठणीत होत्या, पोलकं खांद्यावरून घसरत होतं, पण चेहरा नुसता उजळलेला. हळदीकुंकवाचा करंडा घेऊन त्या पहिल्या बाईसमोर वाकल्या. ती चटकन मागे झाली आणि स्वतःच करंड्यात बोट घालून म्हणाली, "असू दे काकू, मीच लावून घेते."

दुसरीनेही तेच केलं. तिसरीनेही.

चौथीपाशी काकूंचा हात हवेतच राहिला. त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. चट्टे तेलाने बरेच गेले होते, पण अगदी गेले नव्हते. मग त्यांनी बायकांकडे पाहिलं. कोणी छताकडे बघत होती, कोणी मुलाचं नाक पुसत होती. मध्ये टिपॉयवर भगव्याचे ग्लास तसेच भरलेले. एकीचा उपास होता, एकीचा दात दुखत होता, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा घसा धरला होता. फक्त काकूंचा स्वतःचा पेला अर्धा झालेला, काठाला त्यांच्या ओठांची खूण. "काय झालंय गं सगळ्यांना?" काकूंनी माझ्याकडे बघून विचारलं. 

आतल्या खोलीचं दार उघडलं आणि काका बाहेर आले. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुषमाणूस! तेही बंडीवर. बायकांनी पदर सावरले. काका सरळ टिपॉयपाशी गेले. भरलेले इतके ग्लास होते, त्यांतला एकही त्यांनी उचलला नाही. काकूंचा अर्धा उष्टा पेला उचलला.

"आधी मी," ते म्हणाले.

आणि जिथे काकूंच्या ओठांची खूण होती तिथेच ओठ लावून प्यायले. वरून नाही. गटागटाही नाही. सावकाश, तळापर्यंत. मिशीला भगवी कड आली.  काकू तर करंडा छातीशी धरून खांबासारख्या उभ्या. त्यांच्या अख्ख्या संसारात ह्या माणसाने त्यांच्या हातची पुरणपोळीसुद्धा आधी त्यांना खायला लावून मग खाल्ली होती.

पेला खाली ठेवून काका म्हणाले, "चर्म नाही. छरमा. छत्रीतला छ. फळाचं नाव आहे. केमिस्टकडे मीच मूर्खासारखा बडबडलो. हिला कावीळ झाली होती, दुसरं काही नाही. चूक माझी." त्यांनी हात जोडले. कोणाला तरी, कशाला तरी पास करताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मी पुढे होऊन काकूंसमोर कपाळ केलं. त्यांनी इतकं दाबून लावलं की कुंकू भुवईपर्यंत सांडलं. मग मी एक ग्लास उचलला आणि घोट घेतला. ती मागून येणारी कडवट चव आलीच. "काकू, गूळ कमी पडलाय," मी म्हटलं. कोणीतरी हसलं. भाजीवालीलाही काकूंनी बोलावलं होतं, ती दाराशी बसली होती. तिने ग्लास घेतला, प्यायली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "अगो बाय! ह्येच्यापरीस आमची चिच बरी." मग सगळ्याच हसल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मान खाली घालून कपाळ पुढे केलं. सगळ्यांनी केलं असं मात्र नाही. दोघी ग्लासाला हात न लावताच गेल्या, आणि पुढच्या वर्षीपर्यंत त्या आल्या नाहीत.

त्यानंतर काका बदलले असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही त्यांना ओळखलंच नाही. दुसऱ्याच दिवशी मी तिळाची वडी घेऊन गेले, तर दोन बोटांनी ताटली सरकवून म्हणाले, "आधी तुम्ही."

छरमामुळे काकूंना गुण आला, की तोंडाची चव आपली आपण परतली, हे मला आजही सांगता येणार नाही. काकांना विचारलं तर ते म्हणायचे, "निरीक्षण चालू आहे." पुतण्या दर सुट्टीला कॅन आणायचा आणि प्रत्येक कॅन नव्याने संशयित असायचा. रोज सकाळी समोरच्या दारातून मिक्सरचा आवाज यायचा, मग काकांचा, "आधी तू." मग थोडी शांतता. त्या शांततेत काकूंचा एक डोळा मिटत असणार आणि काका तो बघत असणार. तेवढं झालं की ते स्वतःच्या पेल्यातलं वरून प्यायचे.

असं काही वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात काकांना हृदयाचा त्रास झाला. दवाखान्यात नर्सने गोळी पुढे केली, तर क्षीण आवाजात तिलाही म्हणाले, "आधी तुम्ही." ती बिचारी हसली. काकू हसल्या नाहीत. दोन दिवसांनी ते गेले.

दहाव्याला काकू म्हणाल्या, "मी घाटावर येणार. तू चल सोबत." बायका जात नाहीत, असं दोघातिघांनी सांगून पाहिलं. आम्ही दोघी गेलो. उल्हास नदीच्या काठी पुतण्याने पिंड ठेवला. शेजारी पानावर काकांच्या आवडीचं थोडं थोडं, आणि एका द्रोणात काकूंनी पहाटे मिक्सर लावून केलेलं भगवं. कॅनमधला तो शेवटचा गर होता, कारण पुतण्याची तिथून बदली झाली होती.

कावळे झाडावर भरपूर होते. एक खाली उतरला. उड्या मारत पिंडाजवळ आला, मान तिरपी केली, एका डोळ्याने भाताकडे बघितलं, दुसऱ्या डोळ्याने द्रोणाकडे बघितलं आणि मागे सरकला. पुन्हा आला. पुन्हा मागे. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. पुतण्या हात जोडून म्हणाला, "काका, काकूला मी अंतर देणार नाही." कावळा बघत राहिला. कारखान्यातले जुने सोबती पुढे होऊन काहीबाही बोलले. कावळा ढिम्म. ऊन चढायला लागलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलू लागले आणि पुतण्याचे डोळे भरून आले.

काकू माझा हात सोडून उठल्या. "काय वेडे आहात रे सगळे," त्या म्हणाल्या. "ते कधी आधी खातात का?"

त्या पिंडापाशी जाऊन खाली बसल्या. गुरुजी "अहो, अहो" करेपर्यंत त्यांनी तो द्रोण उचलला. "आधी मी," म्हणाल्या आणि त्याला ओठ लावून एक घोट घेतला. त्यांचा एक डोळा मिटला. दुसऱ्यातून पाणी वाहत होतं. द्रोण जागेवर ठेवून त्या मागे आल्या आणि माझ्या दंडाला घट्ट धरून उभ्या राहिल्या.

कावळ्याने मान वाकडी करून काकूंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उड्या मारत आला आणि द्रोणात चोच घातली.

"झालं चेकिंग?" काकू म्हणाल्या. "आता प्या."